नियमाची खुर्ची

माझ्या काकांशी मी बोलत नाही. समोर आले तर तोंड फिरवते. पोरगी दोन बुकं शिकली आणि माजली, असं ते गावभर सांगतात. सांगू देत. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्यांनीच दाखवलं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. पण ही हकीकत कोणाला सांगायला बसले की एका ठिकाणी माझी जीभ अडखळते, आणि ते ठिकाण काकांचं नाही. दरवेळी मी ते गाळून पुढे जाते. आज गाळणार नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनीच्या अंगाला, प्रतापगडाकडे जाताना लागतं. गावाला तळं आहे. ते आमच्या पूर्वजांनी बांधलं असं आम्ही म्हणतो. गावातली आणखी चार घरंही तेच म्हणतात, त्यामुळे कोणी वाद घालत नाही. तळ्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, दगडी तुडूम आहे. तुडूम म्हणजे तळ्याचं तोंड. त्यातला लाकडी दट्ट्या ओढला की पाणी पाटात पडतं आणि पाटातून एकेकाच्या धानाच्या बांधीत जातं. दसऱ्याच्या आसपास उशिरा येणारा भारी धान निसवायला लागतो, लोंब्या धरतो, नेमका तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो, आणि मग अख्ख्या गावाचा जीव त्या दट्ट्यात अडकलेला असतो. तो दट्ट्या चाळीसेक वर्षं माझ्या बाबांनी ओढला. पाणी कोणाला आधी, कोणाला मागून, किती वेळ, हे तेच ठरवायचे. अशा माणसाला आमच्याकडे पाणकर म्हणतात.

पाणकराला एकच अट. तुडूम उघडायच्या दिवशी त्यानं पाळीवर आपल्या पायानं चढायचं, कोणाचा हात न धरता. काठी चालते, माणसाचा हात चालत नाही. ज्याचा हात धरला त्याच्या बांधीत दोन घटका जास्त पाणी जाईल, असा जुन्या लोकांचा विचार असावा. ज्या दिवशी हात धरला त्या दिवशी मान संपला, मग गावाची बैठक दुसरा माणूस नेमते. बाबा एक्क्याऐंशीचे झाले तरी काठी टेकत सरळ चढायचे. वर पोचले की खाली जमलेल्या लोकांकडे एकदा वळून बघायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. त्या एका दिवसासाठी ते वर्षभर गुडघ्यांना मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल चोळत. आई होती तेव्हा म्हणायची, एवढं तेल मला लावलं असतं तर मी नाचले असते.

हैदराबादला माझा मोठा भाऊ राहतो. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला मुलगा झाला, बाबांना पणतू. बारसं दसऱ्याच्या आधी ठरलं. भाऊ फोनवर म्हणाला, रेल्वेनं त्यांचे हाल करू नको, बिरसीच्या विमानतळावरून विमान आहे, तिकिटं काढ आणि तूच घेऊन ये. मी गोंदियात शाळेत शिकवते, सुट्ट्या लागतच होत्या. बाबांना विचारायला गावी गेले.

"वापस कवा?" त्यांनी एवढंच विचारलं.

"पाच दिवसांनी."

"पाण्याच्या आधी?"

"आधी, बाबा."

"मंग येतो. पणतवाचं तोंड पाहून घेतो."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांना बोलावलं. काका त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. आजोबा गेले तेव्हा काका चार-पाच वर्षांचे होते. बाबांनी त्यांना खांद्यावर बसवून वाढवलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. बाबा म्हणाले, "धानावर नजर ठेव. निसवू लागला की फोन कर, म्या दुसऱ्या दिवशी हजर." काका म्हणाले, "तुम्ही बिनघोर जा जी, दादा. तुमच्याबिगर पाण्याले कोण हात लावते?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चहाचा कप माझ्या हातात होता, कप कुठला होता तेही आठवतं.

आता खुर्चीचं सांगते.

मी तोवर विमान डोक्यावरून जाताना तेवढं पाहिलेलं. बिरसीला पायलट शिकतात, त्यांची लहान विमानं आमच्या शाळेवरून दिवसभर घिरट्या घालत असतात. पण आत कधी बसले नव्हते. हैदराबादचं विमानतळ इतकं मोठं की माणूस हरवतो, असं भाऊच म्हणाला होता. शाळेतल्या एका मॅडमना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "अरे, व्हीलचेअर बोल दो ना. लाइन नहीं, झंझट नहीं, आदमी सीट तक छोड़ता है, और साथवाला भी पीछे-पीछे निकल जाता है. सब करते हैं." मला हायसं वाटलं. बाबांना चालवत नाही म्हणून नव्हे. मला वाट ठाऊक नव्हती, आणि खुर्चीमागे वाट ठाऊक असलेला माणूस येतो म्हणून.

तिकीट काढताना फोनवर प्रश्न आला, प्रवाशाला चालता येतं का, पायऱ्या चढता येतात का. पायऱ्या चढता येत नाहीत, असं जिथं लिहिलं होतं तिथं मी बोट ठेवलं. मागच्याच दसऱ्याला पाळ चढलेल्या माणसाबद्दल. बोट ठेवताना काही वाटलं नाही. शाळेत आम्ही इतके फॉर्म भरतो की एका खुणेचं काय वाटणार.

आणि बाबांना सांगितलं, "सत्तरीच्या वर वय असलं की खुर्चीवरच बसावं लागतं. विमानाचा नियम आहे."

बाबा म्हणाले, "नियम आहे त बसतो."

ह्या माणसानं आयुष्यभर नियम पाळला आणि गावाकडून पाळून घेतला. आपल्या बांधीत पाणी सगळ्यांच्या शेवटी, हा त्यांनी स्वतःला लावलेला नियम. सख्खा भाऊ म्हणून काकांच्या बांधीतही शेवटीच. त्यांच्यापुढे नियम हा शब्द ठेवला की ते हुज्जत घालत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तो वापरला.

बिरसीला सकाळी पोचलो. दारातच खुर्ची आली, ती ढकलणारा एक पोक्त माणूस आला, आणि बाबा बसले. काठी मांडीवर आडवी धरली. एसीची थंडी वाजते म्हणून मी त्यांच्या अंगावर शाल पांघरली. खुर्चीला कमरेचा पट्टा होता. तो माणूस पट्टा लावायला वाकला, बाबांनीही काय लावतो ते बघायला मान खाली घातली, आणि नेमक्या त्या क्षणी मी फोटो काढला. फोटोत बाबा दिसत होते शंभरीचे. शालीत गुंडाळलेले, मान पडलेली, पट्ट्यानं बांधलेले. मला तेव्हा ते दिसलं नाही. मला मागची विमानतळाची पाटी दिसली. 'बाबांची पहिली हवाई सवारी' असं लिहून मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. वीस जणांचे हात जोडलेले आले. काकांनीही जोडले, आणि खाली लिहिलं, सांभाळून न्या.

विमानाजवळ गेलो तर आमच्यासाठी वेगळा उतार लावून ठेवलेला. बाकीचे लोक पलीकडच्या पायऱ्यांनी चढत होते. बाबांनी पायऱ्या पाहिल्या. "पायऱ्या आहेत ना?" म्हणाले, पट्टा काढला, काठी टेकली आणि चालायला लागले. मी मागे धावले. पायऱ्यांपाशी उभ्या मुलीनं मला विचारलं, "मैडम, चढ़ लेंगे?" मी म्हटलं, "हाँ, थोड़ा-थोड़ा." थोडं थोडं काय, बाबा वर पोचलेसुद्धा होते. खुर्ची ढकलणारा माणूस माझ्याकडे बघून हसला, त्याला असले प्रवासी रोजच भेटत असणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जागेवर बसल्यावर बाबांनी विचारलं, "झाला का नियम?" मी म्हटलं, "हैदराबादला पुन्हा आहे." ते बरं म्हणाले.

बारसं छान झालं. बाबांनी पणतवाला मांडीवर घेतलं, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले, कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी निघायचं होतं, पण भाऊ म्हणाला, आलेच आहेत तर राहू दे अजून चार दिवस. बाबांनी काकांना फोन लावायला सांगितला. फोनचा आवाज मोठा करून मीच हातात धरला होता.

"धान निसवला का?"

"नाही जी दादा, कायचा निसवते. बांधीत ओल आहे अजून. तुम्ही आरामात या, घाई नोको करा."

बाबांनी डोळे मिटून हिशेब केला. "यंदा मागं पडला म्हणायचा," म्हणाले. आणि चार दिवस राहिलो. मी तिकिटं बदलली, पुन्हा खुर्ची, पुन्हा तेच बोट. त्या चार दिवसांत काकांचा रोज फोन यायचा. नात कशी आहे, पणतू झोपतो का, दादांना इडली मानवते का. इतके साळसूद फोन मी जन्मात ऐकले नव्हते. मला वाटलं, किती माया आहे भावावर. भावजयीला तसं बोलूनही दाखवलं.

परतताना हैदराबादच्या विमानतळावर बाबा खुर्चीत बसून चालले होते. शेजारच्या रांगेत एक म्हातारी उभी होती, पाठीत वाकलेली, हातात पिशवी. बाबांनी खुर्चीतून तिच्याकडे मान वळवून पाहिलं.

"ह्या बाईले काऊन नाही खुर्ची?"

"वय कमी असेल तिचं," मी म्हटलं.

"माह्याहून मोठी दिसते."

"बाबा, त्यांच्याकडे कागद असतात वयाचे. आपल्याला काय करायचं?"

ते म्हातारी दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत होते.

बिरसीला उतरलो. गोंदियाच्या घरी जेवून मग गावी जाऊ म्हटलं तर बाबा ऐकेनात. गाडी केली, सरळ गावाकडे. दोन-अडीच तासांचा रस्ता. अर्जुनी मागे पडल्यावर ते खिडकीला चिकटून बसले, दोन्ही बाजूंच्या बांध्या बघत. धान निसवलेला होता. लोंब्या बाहेर आल्या होत्या. गावाच्या अलीकडे रस्त्याखालून आमचा पाट जातो. तिथं त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब."

पाट भरून वाहत होता.

बाबा उतरले, काठीवर भार देऊन वाकले आणि पाण्यात हात घातला. पाणी नितळ होतं. तळाचं गवत एका दिशेनं निजलेलं होतं. पाणी सोडलं की पहिला दिवसभर गढूळ येतं, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मलाही ठाऊक आहे. बाबांनी हात झटकला. "चार दिस झाले," ते म्हणाले. "बारसं झालं त्याच्या दुसऱ्या नाही त तिसऱ्या दिवशी सोडलं."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. काकांनी 'बांधीत ओल आहे' सांगितलं, त्याच दिवशी. फोन ठेवून ते पाळीवर गेले असणार, किंवा पाळीवरूनच बोलले असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज तो इडलीचा फोन. रोज ती माया. आणि मी मूर्ख, फोन हातात धरून उभी.

काका पाळीच्या पायथ्याशीच भेटले. गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेलं, हात चिखलाचे, दोघा-तिघांना पाण्याची पाळी लावून देत होते. गाडी बघून पुढे आले आणि बाबांच्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वाकूही दिलं नाही. शाळेत चाळीस पोरांचा वर्ग मी एका आवाजात गप्प करते, तोच आवाज काढला. म्हटलं, लाज वाटत नाही का तुम्हाला? बापाच्या जागी होते ते तुमच्या. खांद्यावर बसवून वाढवलं. आणि तुम्ही त्यांना तिकडे बसवून ठेवून इकडे त्यांचा मान खाल्ला. फोनवर खोटं बोललात. आणखीही बरंच बोलले. पाळीवरची माणसं कामं टाकून बघत उभी राहिली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग धोतराला हात पुसत म्हणाले, "फोनवर खोटं बोललो, हे खरं आहे. दादाच्या जिवाले लागन म्हणून बोललो. पण मान म्या खाल्ला नाही. बैठकीनं देला."

"बैठकीला तुम्ही काय सांगितलं?"

"काहीच नाही सांगतलं. दादा येतात का म्हणून विचारलं लोकायनं, त म्या तूच टाकलेला फोटो दाखवला." ते बाबांकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. "एक जण म्हणे, विमानात सगळ्याच म्हाताऱ्यायले खुर्ची देतात, तेच्यानं काय होते? म्या बी म्हटलं, असन. मंग माहा जावई उठला. तो जाते ना विमानानं. तो म्हणे, नाही, खुर्ची कोणाले आपल्या मनानं देत नाही. ज्याले पायऱ्या चढता येत नाही तो मांगते, तवा देतात. मंग सगळे म्हणाले, विमानाच्या पायऱ्या नाही चढवत, त पाळ काय चढन माणूस? आता तूच सांग बाई. खुर्ची म्या मांगतली का?"

माझ्याकडे उत्तर होतं. ओरडून सांगायचं होतं की बाबा त्या पायऱ्या चढले, काठी टेकत, माझ्या आधी चढले. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी काकांकडे बघितलंच नाही. सगळं बोलणं होईपर्यंत ते पाटाकडे बघत होते, आता माझ्याकडे वळले.

"मांगावं लागते?"

मी पाटाकडे बघायला लागले.

"नियम नोहता?"

"बाबा, तिथं एवढं चालावं लागतं... मला वाट माहीत नव्हती... सगळेच घेतात..."

"म्या तुले ते विचारलं नाही."

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. राग असता तर बरं झालं असतं, बाबांचा राग मला लहानपणापासून ठाऊक आहे, तो येतो आणि जातो. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. गावातला एखादा माणूस दुसऱ्याचं पाणी चोरून आपल्या बांधीत वळवताना सापडला की बाबा त्याला शिव्या देत नसत, फक्त पुढच्या वर्षी त्याच्या पाण्याच्या पाळीला स्वतः उभे राहत. तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "धर," म्हणाले. आणि काकांपुढे हात केला. चाळीस वर्षांत त्या पाळीखाली त्यांनी कोणाला हात दिलेला मी पाहिला नव्हता, गावानंही नव्हता.

"चाल, मले वर घेऊन चाल. पाणी कसं सोडलं ते पाहू दे."

काकांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. "दादा, काठीनं चढा जी तुम्ही. लोकं पाहून राहिले," ते म्हणाले. "पाहू दे," बाबा म्हणाले, "तेच्यासाठीच." काकांनी चिखलाचा हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसला आणि बाबांचा हात धरला. दोघं म्हातारे एकेक पाऊल टाकत पाळ चढले. बाबांना काठीवाचून चढता आलं नसतं असं नाही, मी सांगते, आलं असतं. वर पोचल्यावर त्यांनी खाली वळून बघितलं नाही. मी काठी धरून गाडीजवळ उभी राहिले.

आता यंदाचा दसरा जवळ आलाय. पाणकर काका आहेत. बाबा पाळीवर जातात, खाटेवर बसून पाटाकडे बघतात, काका त्यांना विचारूनच पाळ्या लावतात, दोघांचं छान चाललंय. बाबा काकांना एका शब्दानं बोलले नाहीत. मला ते पटत नाही, पटणारही नाही. भावाशी खोटं बोललेल्या माणसाला इतक्या सहज कसं जवळ करतात, म्हणून मी अजून चिडते, आणि काकांकडे तोंड फिरवून बसते.

शनिवारी शाळा सुटली की मी गावी जाते. बाबांचं जेवण, तेल, औषधं बघते. ते माझ्याशी बोलतात, पहिल्यासारखंच बोलतात. फक्त मी गोळी पुढे केली की हातात घेऊन उलटीपालटी करून बघतात आणि विचारतात, "हे डॉक्टरनं सांगतली का तू सांगून राहिली?" मी म्हणते, डॉक्टरांनी. मग ते मला फोन लावायला सांगतात, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर गोळी घेतात.